रक्तातली भूमिती, आणि नोकरीचं

प्रिय आई-बाबा,

बाबा, मी रक्तपेशींच्या आकाराच्या गणितावर काम करते म्हटल्यावर तुम्ही फोनवर विचारलंत की रक्तात भूमिती कुठून आली, आणि तेवढ्यात आईचा कुकर झाला, मग ते राहूनच गेलं. म्हणून लिहितेय. आई, तूपण वाच, "मला काय कळतंय त्यातलं" म्हणून त्यांच्याकडे सरकवू नकोस.

बाबांचा तो सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीचा रिपोर्ट काढा. त्यात एमसीव्ही म्हणून एक ओळ आहे, 90. म्हणजे एका तांबड्या पेशीचं सरासरी घनफळ, फेम्टोलिटरमध्ये, म्हणजेच घन मायक्रॉनमध्ये. आता पेशीच्या मेम्ब्रेनचं, म्हणजे बाहेरच्या पातळ आवरणाचं क्षेत्रफळ असतं साधारण 135 चौरस मायक्रॉन, आणि तेवढ्याच क्षेत्रफळाचा गोल केला तर त्यात जवळपास 150 फेम्टोलिटर मावतील (करून बघा बाबा, सूत्रं तुम्हीच पाठ करून घेतलीत). म्हणजे पेशी अर्धवट भरलेल्या पोत्यासारखी ढिली असते, म्हणून तर 8 मायक्रॉनची पेशी तिच्याहून अरुंद केशवाहिनीतून दुमडून निघून जाते. काहींच्यात जन्मजात दोषामुळे मेम्ब्रेन कमी होत जातं, पेशी गोल होते आणि प्लीहेत अडकून मरते.

पण ती मधे खोलगटच का? तर 1970 मध्ये कॅनहॅम नावाच्या संशोधकाने दाखवलं की मेम्ब्रेन वाकवायला ऊर्जा लागते आणि एवढ्या क्षेत्रफळात एवढं घनफळ बसवायचं तर कमीत कमी वाकवून तोच आकार मिळतो, मग 1973 ला हेल्फ्रिश नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने ते वक्रतेच्या सूत्रात मांडलं, आमचं दुकान अजून त्याच्यावरच चालतं. गंमत म्हणजे विल्मोर नावाचा गणिती 1965 मध्येच जवळपास हेच सूत्र घेऊन बसला होता, रक्ताशी काही घेणंदेणं नसताना! त्याचं एक अनुमान सिद्ध व्हायला 2012 उजाडलं.

माझं काम त्याच्या पुढचं. मेम्ब्रेन गप्प बसत नाही, सारखं थरथरतं, आणि त्यातले लिपिडचे (चरबीसारखे) रेणू पाण्यासारखे इकडून तिकडे वाहत असतात. म्हणजे पृष्ठभाग हलतोय आणि त्याच्यातच प्रवाहपण आहे, मग वेग मोजायचा कशाच्या संदर्भात? कागदावर समीकरण छान दिसतं, कॉम्प्युटरवर पृष्ठभागाची त्रिकोणांची जाळी करून घातलं की ते त्रिकोण चेपत चेपत सुईसारखे होतात आणि सिम्युलेशन फुटतं, की परत जाळी नीट करून रात्री लावून झोपायचं.

आत्याला सांगा मी रक्ताची डॉक्टर नाही, तिच्या शुगरबद्दल मला विचारू नको म्हणावं.

आणि परमनंट नोकरीचं. इथे जर्मनीत पॉट्सडॅमला माझं काँट्रॅक्ट डिसेंबरपर्यंत आहे. बंगळुरूला अप्लाय केलंय, पुण्यालापण. नाही झालं तर अजून एक पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी) करीन, पण हे सोडून बँकेत मॉडेलं बनवायला जाणार नाहीये, पगार तिप्पट असला तरी. तुम्हाला पटणार नाही माहितीये, म्हणून फोनवर न बोलता लिहिलं. रविवारी फोन करते, तोवर काय चिडायचं ते चिडून घ्या.

तुमची,
मनू