आजीसाठी रोबोट घ्यायचा का?

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

दादाने परवा ग्रुपवर विचारलं की आजीसाठी तो मान हलवणारा, डोळे मिचकावणारा छोटा रोबोट घेऊ का, दुपारभर ती कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकटीच असते आणि तू तिकडे ग्लासगोला मेंदूचंच शिकतेयस तर सांग. उत्तर मेसेजमध्ये मावेना म्हणून हे लांबलचक लिहितेय. बाबा, आजीला मोठ्याने वाचून दाखवणार असाल तर तिच्याबद्दलचं गाळू नका, तिला सगळं कळतं.

आधी नाचाचं सांगते, कारण रोबोटचं उत्तर तिथूनच येतं. आई, तू लग्नाआधी कथक शिकलीस, आणि अजून टिळक स्मारकला कुणाचा कार्यक्रम असला की खुर्चीत बसल्या बसल्या तुझी टाच हलत असते, बाबा शेजारी पेंगत असतात. कार्यक्रम तोच, तिकीट तेवढंच, पण तुम्हा दोघांच्या डोक्यात वेगळं चाललेलं असतं. 2005 साली लंडनच्या लोकांनी हे स्कॅनरमध्ये तपासलं. बॅले करणारे, कापोएरा करणारे (ब्राझीलचा नाच, अर्धी मारामारीच) आणि ज्यांना काहीच येत नाही असे, तिघांना दोन्ही नाचांच्या छोट्या छोट्या क्लिप दाखवल्या. सगळे स्कॅनरमध्ये गप्प पडलेले, तरी स्वतः जो नाच शिकलेत तो दिसला की मेंदूतला हालचालीची तयारी करणारा भाग जास्त पेटायचा. मग लगेच शंका आली, मला पण आली होती, की हे शरीराला येतं म्हणून की नुसतं रोज बघून बघून? म्हणून 2006 ला त्यांनी बॅलेतले बाई आणि पुरुष नर्तक घेतले. ते एकत्रच सराव करतात, एकमेकांच्या स्टेप्स हजारदा बघतात, पण काही स्टेप्स फक्त बायका करतात आणि काही फक्त पुरुष. तरीही ज्या स्टेप्स स्वतः करतात त्यालाच मेंदूची दाद जास्त. म्हणजे आई, तुझी टाच हलते त्यात तुझ्या जुन्या रियाजाचा हात आहे.

(याला लोक लगेच मिरर न्यूरॉन मिरर न्यूरॉन करतात, म्हणजे स्वतः काही करताना आणि तेच दुसऱ्याला करताना बघूनही पेटणाऱ्या मेंदूतल्या पेशी. ते इटलीत पार्मा शहरात माकडांच्या मेंदूत सापडले होते, खरं आहे, पण त्यांच्या नावावर लोक हल्ली प्रेमापासून शेअर बाजारापर्यंत काहीही खपवतात. दादा, तू पाठवतोस ते व्हिडिओ त्यातलेच.)

पण नुसतं बघणाऱ्यांचं काय, बाबांसारख्यांचं सोडा, जे जागे राहून वर्षानुवर्षं मन लावून बघतात त्यांचं? त्याचं उत्तर 2012 च्या एका अभ्यासात आहे आणि त्यात भारतीय नाच पण होता. त्यांनी ते नाच स्वतः कधीच न शिकलेले पण भरपूर बॅले किंवा भारतीय नृत्य बघितलेले रसिक घेतले. डोक्यावर कॉइल धरून मेंदूला बारीकसा चुंबकीय झटका द्यायचा आणि हाताचा स्नायू किती उसळतो ते मोजायचं, दुखत वगैरे नाही. तर बॅलेच्या रसिकांचे हात दुसरे कार्यक्रम बघताना उसळले त्यापेक्षा बॅले बघताना जास्त उसळले. पाऊल कधी टाकलं नाही तरी नजर तयार झाली की स्नायूपर्यंत काहीतरी पोचतं.

आता हालचाल म्हणजे मेंदूला किती मोठी गोष्ट आहे बघा. 1973 मध्ये स्वीडनच्या योहान्सन नावाच्या माणसाने चालणाऱ्या माणसाच्या सांध्यांवर फक्त दिवे लावले, बाकी गुडुप अंधार. स्थिर फोटोत नुसते ठिपके, काही म्हणजे काही कळत नाही, आणि ठिपके हलले की क्षणात कुणीही सांगतं, माणूस चाललाय. दोन दिवसांची बाळंसुद्धा असे जिवंत प्राण्यासारखे हलणारे ठिपके जास्त वेळ बघतात. त्यामुळे रोबोटला चेहरा नीट नसला तरी चालतं, त्याने मान योग्य वेळी वळवली की आपण गेलोच.

मला वाटायचं, रोबोट आपल्यासारखा हलत नाही, तर तो बघताना आपल्या मेंदूतला हा नाचवाला भाग थंड बसत असणार. उलटंच निघालं. पुन्हा 2012 चाच अभ्यास, माणसाने अडखळत अडखळत यंत्रासारखी केलेली हालचाल दाखवली तर तो भाग कमी नाही, जास्त काम करतो. का, तर मेंदू बघता बघता पुढचं काय येणार ते सांगत असतो. आपण तबला ऐकताना समेची वाट बघतो तसं, आणि सम भलतीकडेच पडली की दचकतो, पुन्हा मोजायला लागतो. जपानची एक हुबेहूब बाईसारखी दिसणारी यंत्रबाई आहे, रेप्ली क्यू-टू. लोकांना खरी बाई दाखवली, ती यंत्रबाई दाखवली आणि तिचीच कातडी काढून नुसते तारा-सांगाडे दाखवले. सगळ्यात जास्त गोंधळ मधलीला बघून झाला, कारण रूप माणसाचं आणि हलणं यंत्राचं, दोन्हीचा मेळ बसेना. मासाहिरो मोरी नावाच्या जपानी प्राध्यापकांनी 1970 मध्येच लिहून ठेवलं होतं की माणसासारखं होता होता एका टप्प्यावर यंत्र एकदम अंगावर येतं.

म्हणून दादा, घ्यायचाच तर माणसासारखा चेहरा असलेला अजिबात घेऊ नको, आजी त्याच्यावर टॉवेल टाकून ठेवेल. जपानमध्ये वृद्धांसाठी पारो नावाचा रोबोट केलाय, तो सील माशाच्या पिल्लासारखा दिसतो (मासा नाहीये तो, पण आपण असंच म्हणतो). मांजर-कुत्रं का नाही केलं, तर ती सगळ्यांना माहितीयत, लोक लगेच तुलना करतात, खरी मनी असं नाही करत म्हणतात. सीलचं पिल्लू मांडीवर घेतलंय कुणी? नाही, त्यामुळे चूक काढता येत नाही. मला हा विचार फार हुशारीचा वाटला.

पण जीव लागतो का? कोझ्मो नावाचा तळहाताएवढा रोबोट लोकांना पाच दिवस घरी खेळायला दिला होता, आधी आणि नंतर स्कॅन करून बघितलं की त्याला दुखतंय असं दाखवलं तर मेंदूला काही वाटतं का. पाच दिवसांनी म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. बरं, तो बनवणारी कंपनी 2019 मध्ये बंदच पडली. सोनीचा आयबो कुत्रा तर 1999 ला आला, 2006 ला बंद झाला, पुढे दुरुस्तीही थांबली आणि जपानी लोकांनी देवळात नेऊन त्यांचे अंत्यविधी केले. म्हणजे वर्षानुवर्षं घरात राहिला की लागत असावा जीव, पण मग आजीला ऐंशीनंतर अजून एक सुतक कशाला?

माझं मत विचाराल तर ते पैसे ठेवा आणि श्रावणात आजीला मंगळागौरीला न्या. हल्ली पुण्यात बायकांचे ग्रुप सगळे खेळ बसवून करतात, झिम्मा, फुगडी, पिंगा, सूपसुद्धा नाचवतात. आजीचे गुडघे गेलेत, तिला फुगडी घालायची नाहीये, पण तिने ती लहानपणापासून घातलीये, तेव्हा खुर्चीत बसून बघताना तिच्या डोक्यात जे चालेल ते कोपऱ्यात मान हलवणाऱ्या डब्याकडे बघून चालणार नाही, असं मला तरी वाटतं. रिक्षाने नेऊ नका, पाठ धरते तिची. आणि समोरची खुर्ची धरा, तिला लांबचं दिसत नाही.

इथे साडेतीन-पावणेचारलाच अंधार पडतोय, बाकी तब्येत बरी आहे. गोडा मसाला संपला.

आजीला नमस्कार.

तुमची,
मनू

ता. क. व्हिडिओ काढाल तेव्हा खेळणाऱ्या बायकांचा नको, आजीच्या पायांचा काढा, मला क्लासमध्ये दाखवायचाय.