"आणि आई कोण?"

लोद, इस्राएल, शावुओतच्या सणानंतरचा मंगळवार

प्रिय सॅमी,

शालोम. तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिले नाही याची लाज वाटते, आणि आज लिहितो आहे तेही स्वतःच्याच गरजेपोटी. माझी साखर नेहमीसारखीच आहे.

गेल्या शुक्रवारी रात्री नात एका मुलाला जेवायला घेऊन आली. ठाण्याचा, लष्करातली सेवा पुरी केलेला, वालाची उसळ दोनदा मागून घेणारा आणि माझ्या नातवंडांपेक्षा चांगले मराठी बोलणारा. वडील बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंपैकी, हे ऐकून मी सुखावलो आणि पाठोपाठ माझ्या तोंडून गेले, "आणि आई कोण?" आई चिपळूणची, मराठा; आणि हलाखा, म्हणजे रब्बींचा धर्मकायदा, ज्यूपण आईकडून धरतो. मुलगा शांतपणे जेवत राहिला. माझा घास मात्र हातातच राहिला. १९६२ साली मुख्य रब्बींच्या आदेशाने आपल्या लोकांच्या लग्नाआधी आईची आई, तिची आई, जमेल तितके मागे तपासायचे ठरले, तेव्हा याच प्रश्नाविरुद्ध आपण जेरुसलेमला रस्त्यावर बसलो होतो. १९६४ साली क्नेसेटने, इथल्या संसदेने, आपल्याला सर्वार्थाने ज्यू म्हटले, आणि "ज्यांना ठराव करून ज्यू ठरवावे लागते त्यांनी नवगावला परत जावे," असे म्हणून तू खरोखरच निघून गेलास. पूर्वजांचे गलबत कोकणातल्या नवगावला फुटले, तुझी बोट मात्र सुखरूप पोहोचली, याचा मला कित्येक वर्षे राग होता.

तुझा जुना मुद्दा मला रात्रभर छळतो आहे. तोरात, मोशेच्या पाच पुस्तकांत, वंश बापाकडून चालतो, हे तू कुठेही, अगदी मलिद्याच्या ताटापुढेही, सांगत असस. योसेफाची बायको मिसरी याजकाची मुलगी, तरी तिच्या मुलांचे, एफ्राईम आणि मनश्शे यांचे, दोन वंश झाले. आणि त्याच शुक्रवारी, जेवणाआधी, मी नातवाच्या डोक्यावर हात ठेवून "देव तुला एफ्राईम आणि मनश्शे यांच्यासारखा करो" म्हटले होते! मवाबी माणसाने देवाच्या मंडळीत येऊ नये असे तोराच्या 'अनुवाद' या पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे, तरी रूथ दावीद राजाची पणजी झाली. रब्बींनी त्यावर 'मवाबी पुरुष, मवाबी स्त्री नव्हे' अशी वाट काढली. एज्राच्या दहाव्या अध्यायात मात्र परक्या बायका मुलांसकट घालवून दिल्या आहेत. पलीकडे रामल्याचे कराईत पंथाचे ज्यू तालमूद, म्हणजे रब्बींचा ग्रंथ, मानत नाहीत, वंश बापाकडून धरतात; त्यांच्या हिशेबाने हा मुलगा इस्राएली आहे. अमेरिकेतल्या रिफॉर्म, म्हणजे सुधारणावादी, रब्बींनीही १९८३ साली, मूल ज्यू म्हणून वाढले असेल तर, वडिलांचा वंश पुरेसा मानला. इथल्या सरकारने परतीच्या कायद्याच्या १९७० च्या दुरुस्तीप्रमाणे त्याला नागरिक करून घेतले, पण लग्न रब्बींच्या हाती, म्हणजे लग्नासाठी सायप्रसला जाणे आले.

अडचण अशी की मला हलाखा चुकीची वाटत नाही. प्रत्येकाने आपापल्या सोयीचा श्लोक काढायचा ठरवले तर इस्राएल म्हणजे कोण, हे उरणार कुठे? म्हणून मी त्याला रीतसर धर्मप्रवेश सुचवला. तो नम्रपणे म्हणाला, "आजोबा, आमच्या घरी शेमाची प्रार्थना म्हणतात, योम किप्पूरचा उपास असतो. मी कशातून बाहेर पडून कशात येऊ?" मला उत्तर सुचले नाही, सुचली ती आपल्यातली गोरे-काळे ही जुनी विभागणी. काळ्यांच्या आया परजातीच्या म्हणून त्यांच्याशी बेटीव्यवहार नसे, आणि माझी आजी त्यांची भांडीही वेगळी ठेवत असे. रब्बींनी आपल्याला विचारले ते आपण कोकणात आपल्याच माणसांना आधीपासून विचारत होतो. रस्त्यावर बसलेल्या आपल्यापैकी कोणी तेव्हा हे बोलले होते का? मी तर नाहीच.

कमलवहिनींचा गुडघा बरा आहे ना? मुलाच्या नव्या घराबद्दल लिहिले होतेस, अभिनंदन. तुमच्या लग्नात मी आलो नाही, उलट एज्राचा दहावा अध्याय उतरवून पाठवला. त्यावर तू फक्त "पोचले" एवढेच कळवले होतेस. ते पत्र अजून असेल तर मला परत पाठव. नात आठ दिवस माझा फोन घेत नाही. तिच्याकडे जाईन तेव्हा मला ते तिच्या हातात द्यायचे आहे, आणि वहिनींना काय लिहावे हेही तूच सांग.

तुझा,
रूबेन