कावळा काही आला नाही

प्रिय सुऱ्या,

तुझा तो मेसेज, "काय रे, तूपण कावळ्याची वाट बघत बसलास?", मी बाबांच्या दहाव्याला बाणगंगेच्या पायऱ्यांवर बसलेलो असतानाच आला आणि खरं सांगतो, फिस्सकन हसूच आलं, आत्याने डोळे वटारले म्हणून फोन खिशात टाकला. उत्तर आत्ता देतोय. व्हॉट्सअॅपवर एवढं टाइप होणार नाही आणि आई कधीकधी माझा फोन घेऊन बसते, म्हणून मेल.

हो, बसलो होतो. चांगले पावणेदोन तास. बाजूच्या फॅमिलीच्या पिंडाला कावळा दोन मिनिटांत शिवला, ते हात जोडून निघाले पण, आणि आमच्या पानाकडे एकजण ढुंकून बघेना. मग आपल्याकडे करतात तसं सुरू झालं, की इच्छा राहिलीय, बोला कोणीतरी. आत्या म्हणाली, ताईचं लग्न नीट लावू. काका म्हणाले, गावच्या घरावरून भांडणार नाही (हे तर बाबांनी जिवंतपणी पण ऐकलं नसतं). आई म्हणाली, यांना आधी चहा लागायचा. आणि खरंच टपरीवरून कटिंग आणून पानाशेजारी ठेवला, गुरुजी काही बोलले नाहीत.

बाबा तुला माहितीच आहेत. वडाळा डेपो, कंडक्टर, आजोबांच्या श्राद्धाला दरवर्षी तेच भांडण: "मी ड्युटीवर असताना तू घरी माझ्या नावाने जेव, बघू माझं पोट भरतं का! भरत असेल तर डबा कशाला देतेस?" मला फार नंतर कळलं की प्रवासाला निघालेल्या माणसाच्या शिदोरीवरून चार्वाकांनी हाच मुद्दा काढलाय. बाबांनी चार्वाक वाचला नव्हता, त्यांना डबा माहीत होता.

पण गुरुजींनी एक सांगितलं ते डोक्यातून जात नाहीये. म्हणे गरुडपुराणाप्रमाणे दहा दिवसांचे पिंड म्हणजे मेलेल्या माणसाचं नवीन शरीर बनतं, पहिल्या दिवशी डोकं, मग मान-खांदे, असं करत करत नवव्या दिवशी पाय, आणि दहाव्या दिवशी भूक आणि तहान. सगळं तयार झाल्यावर शेवटी भूक! ज्याने कोणी हे रचलं त्याला माणूस कळला होता बघ, पटो न पटो. आता आमच्याच हॉलमध्ये गीतेतलं जुने कपडे टाकून नवे घालायचं कॅलेंडर लटकतंय. आत्मा लगेच नवीन अंगात गेला असेल तर हा पिंडाचा भात कोणासाठी, हे कोणी विचारत नाही. दोन्ही एकाच घरात सुखाने नांदतात.

सुतकाच्या दिवसांत घरी भेटायला येणाऱ्यांशी हेच बोलणं व्हायचं. समोरचे जैन काका म्हणाले, आमच्यात असलं काही नाही, जीव काही समयांतच दुसऱ्या जन्माला लागतो, आणि डोळ्याची पापणी लवते त्यात असंख्य समय बसतात म्हणे. म्हणजे आपण रडायला सुरुवात करेपर्यंत माणूस कुठेतरी दुसरीकडे पोचलेला. ऑफिसातल्या पारशी मॅडमचं वेगळं, तीन रात्री आत्मा इथेच, चौथ्या दिवशी पहाटे चिनवद पुलावर हिशोब. त्यांच्या वडिलांना डुंगरवाडीला, म्हणजे पारशी लोक गिधाडांसाठी देह ठेवतात तिथे, ठेवलं तेव्हा गिधाडं उरलीच नव्हती, गुरांना द्यायच्या डायक्लोफेनॅकने मेली, २००६ मध्ये ते औषध बंद केलं पण तोवर खेळ खलास. मॅडम म्हणाल्या, तुम्ही निदान कावळ्याची वाट तरी बघू शकता. यावर काय बोलणार! आणि आमचा अन्वर, त्याची अम्मी मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात आहे, तो म्हणतो कबरीत फरिश्ते येऊन सवाल विचारतात आणि मग कयामतपर्यंत थांबायचं. म्हणजे प्रत्येकाचं टाइमटेबल वेगळं. मेलेला कुठे जातो यापेक्षा किती वेळ आपल्या आसपास आहे, मला तेवढंच ऐकायचं होतं असं आता वाटतं.

तुमच्याकडे सोपं. म्हणजे सोपं नाही, सॉरी, पण सरळ. माउशी गेल्या तेव्हा मी होतोच, वंदना झाली, पुण्यानुमोदनाला सगळी चाळ आली, पिंड नाही, कावळा नाही. ५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा तुमच्या भिंतीवर, त्यात श्राद्धपक्ष, पिंडदान करणार नाही हे स्पष्ट लिहिलेलं. तुला त्या दिवशी काही ठरवावं लागलं नाही, आधीच ठरलेलं होतं. मला त्याचा हेवा वाटला होता, तेव्हा बोललो नाही.

आता जे सांगायचंय ते सांगतो. बाबांनी देहदानाचा फॉर्म भरलेला होता. चार वर्षांपूर्वी. मला दाखवून कपाटात एलआयसीच्या फाइलखाली ठेवला. ते गेले रात्री सव्वादोनला. मी आईला म्हटलं, निदान डोळे देऊ, सहा तासांत द्यायचे असतात, तर ती म्हणाली, "पुढच्या जन्मी आंधळे येतील, तुला चालेल?" मला पुढचा जन्मच मान्य नाही रे, आणि तरी मी गप्प बसलो. फॉर्मचं तर नावच काढलं नाही. फॉर्म असला तरी शेवटी घरच्यांनी हो म्हणावं लागतं, आणि घरचा म्हणजे मीच होतो. सकाळी नऊला स्मशानात.

त्यामुळे पायऱ्यांवर सगळे इच्छा शोधत होते तेव्हा मला इच्छा माहीत होती. मी मनातल्या मनात म्हटलं, बाबा, चुकलं, तुमचं गेलं ते गेलं, पण माझा फॉर्म मी भरतो. आणि डोळे उघडून, हसू नकोस, चक्क वर झाडाकडे बघितलं.

नाही आला. कावळ्यालाही माझी गॅरंटी नसणार. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला, चहा तसाच थंड झाला, आईने तो तिथेच ओतला.

फॉर्म आणलाय. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, ताईने एक केली, जरा रडली पण केली. दुसरी तू कर. पुढच्या रविवारी नाशिकहून येशील का? दादरला उतर, घरी नको, स्टेशनबाहेरच कुठेतरी चहा घेऊ. आणि बॉलपेन आण बाबा, मागच्या वेळी तुझं ते शाईचं पेन माझ्या शर्टभर झालं होतं.

तुझा,
बंड्या