जपलं तर गुन्हा, गंजलं तर माफी : साताऱ्यातल्या जुन्या बंदुकांबद्दल सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : सातारा जिल्ह्यात घरोघरी पडून असलेल्या तोड्याच्या (जळत्या वातीने बार पेटवायच्या) व ठासणीच्या (तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या) बंदुकांची जागेवर जाऊन नोंद करण्याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याच्या शिवाजी महाराज संग्रहालयात आली, तेव्हा ती बघायला लोटलेली गर्दी आपल्या खात्याने पाहिलीच आहे. ती इंग्लंडला गेली ती ग्रँट डफबरोबर, आणि हा ग्रँट डफ साताऱ्यातच ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी, होता. ती महाराजांनी वापरलेलीच का, या वादात मी पडत नाही. मला एवढंच दिसलं की शस्त्र बघायला आमची माणसं पोराबाळांसकट उन्हापावसात उभी राहतात. पण त्याच रांगेत असे कितीतरी जण असतील, ज्यांच्या स्वतःच्या माळ्यावर दीडदोनशे वर्षांची बंदूक गोणपाटात गुंडाळलेली आहे आणि ते तिच्याबद्दल शेजाऱ्यालाही सांगत नाहीत. हे पत्र त्यांच्या वतीने आहे. त्यांनी मला तसं सांगितलेलं नाही. सांगायची सोयच नाही.

माझी ओळख थोडक्यात. आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवून निवृत्त झालो. जुन्या बंदुकांचा नाद तरुणपणापासूनचा, पण माझ्याकडे अख्खी बंदूक एकही नाही आणि हे मुद्दाम आहे. शिंगाच्या आणि पितळी बारूददाण्या, शिशाच्या गोळ्या ओतायचे चिमट्यासारखे साचे, लोखंडी गज, एवढाच माझा संग्रह. बाकीचं सगळं वहीत : नळीची लांबी, तोंडाचं माप, चापावरचा (बार पेटवणाऱ्या यंत्रणेवरचा) छाप, दस्त्याचं लाकूड. लोक विश्वासाने दाखवतात, मी मोजतो आणि परत ठेवतो.

आता कायद्याचं बघू. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये बंदुकीच्या वयाला किंमत नाही. स्फोटकाच्या जोरावर गोळी फेकणारं ते बंदूक, मग ती पानिपतच्या काळातली का असेना. विनापरवाना सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षांची शिक्षा. याच कायद्याच्या कलम ४५ मध्ये एक सवलत आहे : जुन्या धाटणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं असं जे हत्यार दुरुस्त करून वा न करता बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही. वाचायला छान वाटतं. पण पोलीस ठाण्यात ही ओळ शेवटाकडून वाचली जाते. ‘दुरुस्त करून चालेल का?’ हा पहिला प्रश्न, आणि फिटर म्हणून याचं उत्तर मला चांगलं ठाऊक आहे. नळी शाबूत असेल तर बाकी सगळं करता येतं. तोड्याच्या बंदुकीत आहे काय? मागून बंद केलेली एक लोखंडी नळी, बाजूला कान, म्हणजे आग आत जायचं भोक, कानाशी रंजक (आधी पेटवायची चिमूटभर दारू) ठेवायची वाटी आणि जळता तोडा धरून तिथे टेकवणारी एक वाकडी पट्टी. बरा लोहार ती पट्टी दुपारच्या जेवणाआधी करून देईल.

म्हणजे ज्या घराने दर वर्षी तेलाचा बोळा फिरवून नळी नीट ठेवली, त्याची बंदूक ‘दुरुस्त होणारी’, आणि तो गुन्हेगार. ज्याने गोठ्यात फेकून दिली, तिची चाळणी होऊ दिली, तो निर्धास्त. वारसा सांभाळणाऱ्याला शिक्षा आणि सडवणाऱ्याला सूट, असं आपल्या खात्याला नक्कीच अभिप्रेत नसेल.

२०२० च्या फेब्रुवारीत केंद्रीय गृह मंत्रालयाने नियमांत बदल केला. ‘क्युरिओ’ (दुर्मिळ, जुनी म्हणून जपलेली वस्तू) प्रकारातली छोटी शस्त्रं घरात ठेवायला परवाना लागणार नाही, मात्र ती वापरायला, घेऊन जायला किंवा एका जागेहून दुसऱ्या जागी हलवायला लागेल. चांगलं पाऊल होतं, मी पेढे वाटायचेच बाकी होते. मग लक्षात आलं की आपली बंदूक क्युरिओ आहे हे ठरवून घ्यायचं तर ती कुणा जाणकाराला दाखवली पाहिजे, जाणकार साताऱ्यात किंवा पुण्यात, बंदूक पाटणच्या डोंगरात, आणि ती एसटीत घालून आणली की वाहतूक झाली. सवलत आहे, पण सवलतीपर्यंत पोचायचा रस्ता नाही. म्हणून माणसं सरळ गप्प बसतात.

इकडे आपल्याच क्षेत्रातला १९७२ चा पुरावशेष कायदा १०० वर्षांपुढच्या वस्तूला पुरावशेष मानतो, देशाबाहेर न्यायला बंदी घालतो. पण सक्तीच्या नोंदणीच्या यादीत मूर्ती आहेत, चित्रं आहेत, सचित्र हस्तलिखितं आहेत, बंदूक नाही. गृह खात्याच्या लेखी ते फक्त हत्यार, आणि संस्कृतीच्या दप्तरात तिची नोंदच नाही.

यात काय हातचं जातंय, ते एका बंदुकीवरून सांगतो. जावळी तालुक्यात एका घरात खंडेनवमीला पूजेत मांडलेली पाहिली. नळीला रुपेरी ऑइल पेंट, दस्त्याला तपकिरी, वर झेंडूची माळ आणि हळदीकुंकवाचे थर. घरातले म्हणाले, पानिपतावरची आहे. चापाच्या पट्टीचा एक कोपरा रॉकेलच्या फडक्याने हलक्या हाताने पुसला, तर रंगाखालून मागच्या पायांवर उभा असलेला छोटा सिंह निघाला. हा ईस्ट इंडिया कंपनीचा छाप, आणि तो त्यांनी १८०८ च्या सुमाराला सुरू केला. त्याआधी बदामाच्या आकाराची खूण असे. तेव्हा पानिपत बाद. नळीचं तोंड पाऊण इंचाचं, म्हणजे कंपनीच्या पायदळाची नेहमीची बंदूक. पण खरी गंमत पुढे होती. मूळ चाप चकमकीचा, गारगोटी धरणारा. तो काढून पुढे कुणीतरी टोपीवर (ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीवर) बार उडवणारा घोडा बसवलेला, आणि आधीच्या खिळ्यांची बुजवलेली भोकं रंगावरूनही बोटाला लागत होती. बुजवणी सरकारी कारखान्यातली वाटत नव्हती. कानशीचे आडवेतिडवे ओरखडे होते, पण बसवणी इतकी चपखल की माझ्या वर्गातल्या पहिल्या नंबरच्या पोराला जमली नसती. कंपनीची बंदूक गावात आली कशी? १८१८ च्या धामधुमीत, १८४८ ला साताऱ्याचं राज्य खालसा झाल्यावर, की नंतर कधी लिलावात? आणि तो लोहार कोण? पानिपतच्या गोष्टीपेक्षा हे प्रश्न मला मोठे वाटतात.

त्याच बंदुकीत मी बांबूची काठी घातली. आत जेवढी गेली तेवढ्यावर खूण केली, मग बाहेरून नळीला लावून पाहिली. कानाच्या अलीकडेच काठी अडली होती, जवळजवळ चार बोटं. म्हणजे आत बार भरलेला. कुणाच्या तरी पणजोबांनी ठासला, उडवला नाही आणि विसरले. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षांनीही पेटते, आणि पूजेच्या पाटावर तिच्यापुढे निरांजन तेवत होतं, पोरं ओणवी होऊन बघत होती. त्या दिवशी मी काय करायचं ते केलं. पण अशा भरलेल्या बंदुका किती घरांत आहेत, हे कुणालाच माहीत नाही, कारण तपासायला बोलावलं तर आधी पंचनामा होईल ही भीती. एरवी पोलिसांनी हा विषय सुरक्षिततेचा म्हणून हातात घेतला असता.

भीतीपोटी काय काय होतं ते मी पाहिलेलं आहे. नळी कापून पाण्याचा पाइप केलेला पाहिला. दस्ता चुलीत गेलेला ऐकला. विहिरीचा गाळ काढताना नळ्या निघाल्याचं ऐकतो. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्यावरच्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या, वारसाहक्काच्या धरून. एका परिचित घराने तिसरी, आजोबांची ठासणीची, मुदतीत नेऊन जमा केली. पुढे बघायला गेले तर ती मुद्देमालाच्या ढिगात, ओल धरलेल्या भिंतीशी उभी. पावती आहे. नळीवर आता पापुद्रे सुटतात. तिथल्या शिपायाचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की ही वेगळी ठेवायची.

कठोर नियमांची बाजू मला कळत नाही असं नाही. शिकारीला जाणारे ठासणीचीच बंदूक वापरतात, डुकरांसाठी शेतीसंरक्षणाचा परवाना घेऊन भलतंच मारतात, आणि ‘जुनी आहे’ म्हणून गावठी कट्टाही खपवू बघणारे असतील. ब्रिटनमध्ये शोभेची म्हणून ठेवलेल्या पुरातन बंदुकांना पूर्वापार सूट आहे. पण काही जुन्या काडतुसांच्या बंदुका गुन्ह्यांत सापडायला लागल्यावर त्यांनी २०२१ मध्ये ती यादी आखडती घेतली. अमेरिकेने तर १८९८ ही सरळ एक रेघच ओढून ठेवली आहे. मी आपल्याकडे एवढी ढील मागत नाही. माझं मागणं फक्त तोंडाने भरायच्या बंदुकांपुरतं आहे : तोड्याच्या, चकमकीच्या, टोपीच्या. काडतुसाची असेल तिने परवाना शाखेचाच रस्ता धरावा.

शस्त्र कायदा केंद्राचा आहे, तो बदला असं आपल्याला म्हणण्यात अर्थ नाही. पण परवाने देतात जिल्हाधिकारी, संग्रहालयं चालवतं आपलं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, आणि गृह खात्याशी एका टेबलावर बसणं आपल्याला आमच्यापेक्षा सोपं. दोन्ही खात्यांचं मिळून एक परिपत्रक निघालं तरी पुष्कळ होईल. बंदूक लोकांनी आणायची नाही, तपासणारे गावात जातील. सोबत पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारातला एक आर्मोरर (शस्त्रं तपासणारा-दुरुस्त करणारा), संग्रहालयाचा एक अभिरक्षक (क्युरेटर) आणि तहसीलचा एक माणूस. आर्मोरर आधी बार भरलेला आहे का बघेल आणि असेल तर निकामी करेल. अभिरक्षक मापं, छाप, फोटो घेईल. मग त्याच ठिकाणी एक कागद हातात : ही वस्तू कलम ४५ च्या सवलतीत बसते, किंवा क्युरिओ आहे, किंवा परवाना लागेल. तिसरं उत्तर आलं तरी, आपणहून दाखवणाऱ्यावर त्या मुदतीत गुन्हा नोंदवायचा नाही, हे परिपत्रकात ठळक असायला हवं. तेवढी एक ओळ नसेल तर उरलेला कागद वाया.

निकामी करण्याच्या नावाखाली नळीला ड्रिल मारायचा किंवा ती कापायची नाही, हेही लिहाच. उत्साही हात फार लवकर ग्राइंडर उचलतात. परवान्यावर नोंद नसलेल्या क्युरिओसाठी दारूगोळा विकायचा नाही असं नियमच सांगतो. तेवढा अटकाव पुरे.

आर्मोरर कमी पडतात ही सबब या जिल्ह्यात तरी चालणार नाही. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आमच्याकडे आहेत. सैन्यातून निवृत्त झालेले आर्मोरर हाक मारली तर चहावर येतील.

आणखी एक अवघड कप्पा आहे. नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या दिवसांतली हत्यारं. कुंडल, शेणोली, वाळव्याच्या पट्ट्यात, म्हणजे जुन्या सातारा जिल्ह्यात, १९४३ ते १९४६ या काळातलं काही ना काही अजून कुठेतरी असणार. ते १०० वर्षांचं नाही, बहुधा काडतुसाचं आहे, म्हणजे वरच्या कुठल्याच सवलतीत बसत नाही. ते घरात राहू द्या असं मी म्हणत नाही. पण संग्रहालयाला देणगी म्हणून द्यायची असेल तर नाव विचारून आरोपी करणार नाही, एवढी हमी मिळाली तर शेणोलीला रेल्वे लुटली त्या माणसांच्या हातातलं काहीतरी त्यांच्या नातवंडांना काचेआड बघता येईल. नाहीतर तेही भंगारात किलोवर जाईल.

वेळेबद्दल एक सूचना. परिपत्रक गणपतीच्या आत निघावं. या बंदुका वर्षातून एकदाच, खंडेनवमीला, माळ्यावरून खाली येतात. पुसल्या जातात, मांडल्या जातात, आणि त्या एका दिवशी घरातली म्हातारी माणसं त्यांच्याबद्दल बोलतात. अभिरक्षकाने छापाबरोबर ते बोलणंही लिहून घ्यावं, पानिपतच्या थापांसकट. संध्याकाळी गोणपाट बांधलं की पुढच्या वर्षापर्यंत कुणी काही सांगत नाही.

मापांच्या माझ्या वह्या संग्रहालयाला द्यायला मी तयार आहे, बारूददाण्या आणि साचेही. पहिल्या फेरीसाठी जावळी आणि पाटणमधली गावंही सुचवीन. घरमालकांची नावं मात्र वहीत नाहीत, आणि परिपत्रक हातात पडेपर्यंत ती मी तोंडानेही सांगणार नाही.

आपला,
एक निवृत्त फिटर निदेशक,
सातारा

प्रत : मा. जिल्हाधिकारी, सातारा.