भाडे बंद झाले, म्हणून माझ्या फायली का कोंडल्या?

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : सदस्यत्व रद्द केल्यावर कापलेले शुल्क परत मिळणे व माझ्या मूळ फायली उघडता येणे

महोदय/महोदया,

गेली सात वर्षे मी आपले ग्राफिक डिझाइनचे सॉफ्टवेअर पैसे भरून वापरले. पुस्तकांची मुखपृष्ठे, लोगो, पोस्टर, सगळे त्यातच केले. गेल्या महिन्यात मी सदस्यत्व रद्द केले, तेव्हा मुदतीआधी करार मोडल्याचे शुल्क माझ्या खात्यातून परस्पर वळते झाले. नूतनीकरणाच्या वेळी पडद्यावर मोठ्या अक्षरांत दरमहाची रक्कम होती. करार मात्र वर्षभराचा आहे, हे खाली बारीक टायपात होते. एवढी महत्त्वाची अट रकमेच्या शेजारी, तेवढ्याच अक्षरांत का लिहिली नाही?

पैशांपेक्षाही मला लागले ते वेगळेच. दोन वर्षांपूर्वीच्या एका मुखपृष्ठावर लेखिकेच्या नावातली वेलांटी चुकली होती. पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती आणि काम पाच मिनिटांचे होते. फाइल उघडायला गेले तर आधी सदस्यत्व घ्या, असा संदेश आला. फाइल माझ्याच संगणकावर होती, चित्र मी काढलेले होते, तरी मला आत जाता येईना. शेवटी जुनी पीडीएफ इंकस्केप या चित्रे काढण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडली. मजकुराची अक्षरे न राहता नुसत्या बाह्यरेषा झालेल्या, चित्राचे एकावर एक रचलेले थर विस्कटलेले. अख्खे शीर्षक नव्याने बसवण्यात रात्र गेली.

आता मी इंकस्केप, रंगकामासाठी क्रिटा आणि पानांच्या मांडणीसाठी स्क्राइबस ही मोफत सॉफ्टवेअर वापरते. इंकस्केपची फाइल एसव्हीजी या स्वरूपात असते. तो वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने 2001 साली प्रसिद्ध केलेला खुला, म्हणजे कोणालाही वापरता येणारा मानक आहे, त्यामुळे उद्या इंकस्केप बंद पडले तरी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती उघडेल. अगदी साध्या टेक्स्ट एडिटरमध्येही तिच्या आत काय आहे ते वाचता येते. सात वर्षांत हा विचार माझ्या मनात आला नव्हता, याची खंत वाटते. सॉफ्टवेअर निवडताना मी सोयी मोजल्या. काम बाहेर काढता येईल का, हे विचारलेच नाही.

हे बदलणे सोपे गेले नाही. इंकस्केप रंग आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या पद्धतीत हाताळते, म्हणून छपाईच्या चार शाईंची सीएमवायके पीडीएफ मला स्क्राइबसमधून काढावी लागते. स्क्राइबसच्या जुन्या आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरे तुटत, नव्या आवृत्तीत ती नीट बसतात. हात अजून आपल्याच शॉर्टकटकडे जातो. अक्षरांमधले अंतर जुळवण्याची आपली सोय मला अजूनही सरस वाटते आणि त्यासाठी पैसे द्यायला माझी कधीच ना नव्हती. म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

माझी मागणी अशी आहे. कापलेले शुल्क परत करावे. सदस्यत्व संपलेल्या ग्राहकाला स्वतःची जुनी फाइल निदान उघडून, मजकूर आणि थर शाबूत ठेवून, खुल्या स्वरूपात बाहेर काढता यावी. नवे काम करू देऊ नका, ते मला मान्य आहे. पण झालेले काम ग्राहकाचे आहे, आणि त्यातले कित्येक काम त्याने दुसऱ्या कोणासाठी केलेले असते. माझ्याकडे अशा तीनशेहून अधिक फायली आहेत. प्रत्येकीमागे ज्याला उद्या दुरुस्ती लागू शकते असा एक माणूस आहे, आणि त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही.

आपल्या मदत केंद्राशी मी दोनदा चॅटवर बोलले. दोन्ही वेळा मला सवलतीचा दर सांगण्यात आला. फायलींबद्दलच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. आता पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. शुल्क कापल्याची पावती आणि दोन्ही संभाषणांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपली,
एक माजी सदस्य