दादा, अल्बम आला, आता तुझे आभार

दादा,

अल्बम आला एकदाचा. 9 गाणी, 38 मिनिटं, लेबल नाही की मॅनेजर नाही, सगळं आपलं आपण केलेलं. मिक्सिंग (सगळे आवाज जुळवणं) आणि मास्टरिंग (त्यावरचा शेवटचा हात) तू केलंस, पण रिलीजच्या धावपळीत तुला नीट थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं, आणि फोनवर विषय काढला की तू लगेच दुसरंच काहीतरी बोलायला लागतोस, म्हणून सगळ्यांसमोर लिहूनच टाकतोय.

तुझ्याकडे आलो तेव्हा ड्रम्स आम्हीच रेकॉर्ड करून आणले होते आणि स्नेअर, म्हणजे तो कडक वाजणारा ड्रम, अगदी पत्र्याचा डबा बडवल्यासारखा वाजत होता. मी दोन रात्री ईक्यू (आवाजातला खर्ज-टीप कमीजास्त करायची बटणं) फिरवत बसलो होतो पण त्याला अंगच येईना. तू हेडफोन लावलास, आधी स्नेअरच्या वरचा माइक एकटा ऐकलास, मग खालचा, मग दोन्ही एकत्र, आणि खालच्या माइकच्या चॅनेलवर फेज, म्हणजे आवाजाची लाट, उलटी करायचं बटण दाबलंस, बाकी कशाला हात लावला नाहीस. स्नेअर एकदम भरला! काठी पडली की वरचं हेड (ड्रमचा पडदा) वरच्या माइकपासून लांब जातं आणि त्याच क्षणी खालचं हेड खालच्या माइककडे येतं, त्यामुळे दोन्हीकडच्या लाटा उलटसुलट होऊन एकमेकींना खातात, हे तू कागदावर दोन नागमोडी रेघा काढून समजावलंस. तो कागद अजून माझ्या स्टिक बॅगेत आहे.

तिसऱ्या गाण्यात तू गिटारचा 100 हर्ट्झच्या खालचा, म्हणजे अगदी खर्जातला आवाज कापलास तेव्हा आमचा गिटारवाला जरा नाराज झाला होता, एकटी ऐकली तर गिटार बारीक वाटत होती ना. पण किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेसला जागा मिळाली आणि सगळं एकत्र वाजलं तेव्हा तोच म्हणाला, आता कुठे माझी गिटार ऐकू येतेय.

शेवटचं गाणं क्लिकवर, म्हणजे कानातल्या टिकटिक तालावर, बसतच नव्हतं. तूच म्हणालास क्लिक बंद करा, सगळे एका खोलीत उभे राहा, माइकमध्ये एकमेकांचा आवाज शिरला तर शिरू दे. कोरसला आम्ही थोडे पळतो त्यात, आणि अख्ख्या अल्बममधली माझी सगळ्यात आवडती जागा तीच आहे.

मास्टरिंगला तर आम्ही हट्टच धरला होता की आवाज अजून मोठा पाहिजे. तू भांडला नाहीस. दोन व्हर्जन केलीस, एक आम्हाला हवं तसं दाबून मोठं केलेलं आणि एक मोकळं, आणि दोन्ही सारख्याच लेव्हलला आणून ऐकवलीस, म्हणालास स्पॉटिफाय नॉर्मलायझेशनमध्ये (सगळी गाणी सारख्या आवाजात ऐकवायला) साधारण वजा 14 लफ्सवरच आणतं, लफ्स म्हणजे आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप, मग दाबून उरतं काय? दाबलेल्यात माझ्या किकचा दणकाच गेला होता. त्यानंतर कोणी काही बोललं नाही.

आणि ते आयएसआरसी कोड, म्हणजे रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, प्रत्येक गाण्याला एक, 12 अक्षरं-आकडे, रात्री दीड वाजता तू एकेक वाचून आमच्याकडून तपासून घेतलेस. मिक्सिंग संपलं होतं, तुझं काम संपलं होतं, तरी बसलास.

क्रेडिटमध्ये माझं नाव नको, बँडचंच टाका म्हणाला होतास. ते ऐकलेलं नाही. मिक्सिंग आणि मास्टरिंग, दोन्हीसमोर तुझंच नाव आहे.

तुझी हार्ड डिस्क रविवारी घेऊन येतो.

तुझा,
ड्रमर