टाऊ विष नव्हे, आणि एका आकड्याने अल्झायमर ठरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील विस्मरणावरच्या लेखात टाऊ या प्रथिनाला 'मेंदूत साचणारे विष' म्हटले आहे. रक्तातील न्यूरोफिलामेंट (चेतापेशीतल्या तंतूंचे प्रथिन) तपासले की अल्झायमर कळतो, असेही छापले आहे. असे वाचून खानापूर-निपाणीकडची माणसे थेट लॅब गाठतात, म्हणून हे पत्र.

टाऊ निरोगी मेंदूत असतेच. प्रौढ माणसात त्याचे 6 प्रकार आढळतात. चेतापेशीच्या अक्षतंतूत (संदेश पुढे नेणाऱ्या लांब धाग्यात) साधारण 25 नॅनोमीटर जाडीच्या सूक्ष्मनलिका असतात, त्यांना टाऊ बाहेरून चिकटलेले असते. त्याला फॉस्फेट जोडले जाणेही नेहमीचेच. गर्भाच्या मेंदूत तर टाऊवर फॉस्फेट भरपूर असते. अल्झायमरमध्ये हे प्रमाणाबाहेर जाते, टाऊ नलिकेवरून सुटते आणि पेशीत त्याचे पीळदार गुंते होतात. मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या आवरणात, ते विशेषतः तिसऱ्या व पाचव्या थरातील पिरॅमिडच्या आकाराच्या पेशींत दिसतात.

न्यूरोफिलामेंट वेगळे. 10 नॅनोमीटर जाडीचे हे तंतू अक्षतंतूला जाडी देतात आणि जाडीवर संदेशाचा वेग अवलंबून असतो. पाचव्या थरातल्या काही पेशींचे अक्षतंतू थेट कमरेच्या मज्जारज्जूपर्यंत जातात. पेशीत तयार झालेले न्यूरोफिलामेंट दिवसाला सरासरी जेमतेम 1 मि.मी. पुढे सरकते, म्हणजे अर्ध्या मीटरला दीड वर्ष!

अक्षतंतू तुटला की यातला हलका घटक रक्तात उतरतो. तो कुठून आला हे मात्र रक्त सांगत नाही. पक्षाघात, डोक्याला मार, मल्टिपल स्क्लेरोसिस हा चेतातंतूंचा आजार, मधुमेहाने बिघडलेल्या पायांच्या नसा, सगळ्यांत तो वाढतो. ताप आहे म्हणजे मलेरियाच, असे म्हणण्यापैकी हे आहे. वयाबरोबर आकडा चढतो, म्हणून सत्तरीतल्या माणसाला तिशीची मर्यादा लावू नये. मूत्रपिंड मंदावलेले असले तर तो फुगतो, स्थूल माणसात कमी दिसतो. मार लागल्यावर तर कित्येक आठवडे चढाच राहतो.

दुसऱ्यांदा तपासायचेच असेल तर त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने तपासावे. पहिल्यांदा प्लाझ्मा (न गोठवलेल्या रक्तातला द्रव) आणि नंतर सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव), किंवा दोन वेगळी यंत्रे, असे झाले तर रोग न वाढताही आकडा बदललेला दिसतो, आणि घरच्यांना उगाच धसका बसतो.

विस्मरण सुरू झालेल्या वडीलधाऱ्यांचे ब-12 आणि थायरॉईड आधी पाहा, झोपेच्या व इतर चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा, नैराश्याबद्दल विचारा. यातली कारणे उपचाराने सुधारू शकतात आणि त्यांच्या तपासण्या तालुक्यालाही होतात. न्यूरोफिलामेंट पाहायचे की नाही, ते मेंदूविकारतज्ज्ञांना ठरवू द्या.

येत्या पुरवणीत दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपले,
चेताविज्ञान शिकवणारे दोन वाचक,
टिळकवाडी, बेळगाव